गाडी थांबली काहून नाही?



आम्ही दोघे भाऊ आपल्या शाळेचे जुने विद्यार्थी. गाव लामता. शाळेसाठी बालाघाटला मावशीकडे राहायचो आणि शनिवारी छोट्या लाईनीच्या गाडीने घरी जायचो. पुढे थोरला कल्याणला विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये नोकरीला लागला आणि धाकट्याने जबलपूरला तीस वर्षे विज्ञान शिकवले. आता दोघेही निवृत्त आहोत. शाळेच्या वार्तापत्रासाठी काही लिहा, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेल्या हिवाळ्यात एका मुलाने आम्हाला विचारलेला प्रश्न डोक्यात घोळतच होता.

त्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेर फिरायला निघालो होतो. रुळांपलीकडे शेतांकडे जाणारी एक जुनी पायवाट आहे. रूळ ओलांडण्याची रीतसर जागा थोडी पुढे आहे, पण तिकडून वळसा पडतो, म्हणून लोक अजून त्या पायवाटेनेच जातात. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा चार शेळ्या घेऊन पुढे चालला होता. तीन शेळ्या पलीकडे गेल्या. चौथी, गाभण, रुळांच्या मधोमध उभी राहून काहीतरी खात बसली. तेवढ्यात लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. मुलगा पलीकडे पोहोचला होता, तो मागे वळला. आमच्यातला धाकटा त्याच्या मागोमाग होता, म्हणून त्याच्या हाती त्याचा दंड लागला. दोघेही खडीवर पडले. भोंगा वाजत होता, चाकांचा कर्कश आवाज येत होता. ड्रायव्हरने ब्रेक लावला होता हे स्पष्ट कळत होते. तरी गाडी आमच्यासमोरून निघून गेली आणि कितीतरी पुढे जाऊन थांबली.

शेळी गेली. मुलगा वाचला.

तो बराच वेळ रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "आजोबा, त्यानं ब्रेक लावला होता ना? मंग गाडी थांबली काहून नाही?"

एकाने आयुष्यभर रेल्वेची इंजिने दुरुस्त केली, दुसऱ्याने आयुष्यभर विज्ञान शिकवले. पण त्या क्षणी आम्हा दोघांनाही त्याला समजेल असे उत्तर देता आले नाही. ते आज येथे देण्याचा प्रयत्न करतो.

आमचे बाबा छोट्या लाईनीवर गार्ड होते. गोंदिया–नैनपूर–जबलपूर ही लाईन बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली. दोन रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट. २०१५ साली बालाघाट–नैनपूर मार्गावरची छोटी गाडी बंद झाली आणि मग मोठी लाईन आली, तीही विजेच्या तारांसकट. आपल्यापैकी अनेक पालकांनी त्या छोट्या गाडीतून प्रवास केला असेल. ती इतकी सावकाश चाले, की रूळ ओलांडताना कोणी तिची फारशी फिकीर करीत नसे. आमच्या भागातल्या माणसांच्या मनात रेल्वेचा जो अंदाज बसला आहे, तो त्या गाडीने बसवलेला आहे.

बाबांच्या डब्यात हातब्रेकचे चाक होते. नैनपूर लामत्यापेक्षा उंचावर. तेव्हा तिकडून येताना उतार. गाडी स्टेशनात उभी राहिली की ब्रेकच्या ठोकळ्यांचा जळका वास यायचा. चाकाला हात लावायला आम्हाला सक्त मनाई होती. एकदा हट्टाने जवळ गेलो तेव्हा चाकातून येणारी धग चेहऱ्याला जाणवली. ठोकळे झिजून पडलेली काळी लोखंडी पूड डब्यांच्या खालच्या बाजूला बसलेली असायची. बाबांच्या पांढऱ्या पँटवरून ती धुताना आईच्या नाकी नऊ यायचे.

एका पावसाळी रात्री बाबा फार उशिरा घरी आले. वाटेतल्या एका स्टेशनावर गाडी थांबलीच नव्हती. रुळांवर पाणी आणि पालापाचोळा, ब्रेक पूर्ण दाबलेला, चाके अडकलेली, आणि गाडी घसरगुंडीवरच्या मुलासारखी फलाटाच्या पुढे सरकत गेली. कोणाला काही झाले नाही. बाबा जेवता जेवता एवढेच म्हणाले, "लोखंडाला लोखंड किती धरणार?" हे वाक्य आम्ही विसरलो नाही. आमच्या उत्तरातला अर्धा भाग त्यातच आहे.

आता थोडा हिशेब करू. नववी-दहावीच्या मुलांनी वही-पेन्सिल घ्यावी.

समजा, छोटी गाडी १०० टनांची आहे आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. तिच्या अंगातली गतिज ऊर्जा काढली तर सुमारे पावणेदोन युनिट विजेइतकी येते. आता मोठ्या लाईनीवरची गाडी १००० टनांची आणि वेग ताशी १०० किलोमीटर धरा. ऊर्जा येते सुमारे १०७ युनिट! वजन दसपट आणि वेग अडीचपट, पण ऊर्जा बासष्टपट, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या साध्या घराला महिनाभर पुरेल एवढी ही ऊर्जा. गाडी थांबवायची म्हणजे ती सगळी कुठेतरी द्यावी लागते. ऊर्जा नाहीशी करता येत नाही. बाबांच्या गाडीत ती चाकांच्या धगीत आणि काळ्या पुडीत जात होती.

या ऊर्जेला दुसरी वाट काढून देण्याचे काम विद्युतचुंबकीय प्रवर्तन करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली ते शोधले. वाहकाच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्याला जोडून असलेला नियम लेंझ यांनी १८३४ मध्ये मांडला, तो आपण परीक्षेपुरता लक्षात ठेवतो आणि विसरतो. तो असा, की निर्माण झालेली वीज ज्या हालचालीमुळे निर्माण झाली त्या हालचालीलाच विरोध करते.

आमच्या पिढीला हा नियम पायांनी कळला होता. सायकलला डायनॅमो असायचा. दिवा बंद असताना सायकल सुरसुर चालायची. डायनॅमो चाकाला टेकवून दिवा लावला की पॅडल जड! त्यातला काही भाग नुसत्या घासण्याचा, पण उरलेला जडपणा म्हणजे दिव्याच्या उजेडाची किंमत. ती आपले पाय मोजत होते. हाच डायनॅमो सायकलच्या ऐवजी इंजिनाला लावला तर इंजिनाचा वेग कमी होणार नाही का?

होतो. आणि वेगळा डायनॅमो लावायचीही गरज नसते. विजेच्या इंजिनात चाके फिरवणाऱ्या मोटारी असतातच. मोटारीला वीज दिली की ती चाक फिरवते. वीज देणे थांबवून चाकाने तिला फिरवले आणि चुंबकीय क्षेत्र कायम ठेवले, तर तीच मोटार वीज तयार करते आणि चाकाला मागे ओढते.

कल्याणला नोकरीला लागल्यावर थोरल्याने हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये भोर घाट लागतो, नाशिककडे जाताना कसारा आणि इगतपुरीच्या मध्ये थळ घाट. दोन्हीकडे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलो की एक मीटर वर. रेल्वेसाठी हा फारच खडा चढ आहे. म्हणून गाड्यांना मागून रेटायला जादा इंजिने लावतात. उतरताना धोका त्याहून मोठा. गाडी हाताबाहेर गेली तर तिला चढावर वळवून थांबवता यावे, म्हणून घाटात मुद्दाम वर जाणारे आडरूळ ठेवलेले आहेत. ठाकूरवाडी, मंकी हिल अशा ठिकाणी उतरणाऱ्या गाड्या थांबवून मगच पुढे सोडल्या जातात.

१९३० पर्यंत या दोन्ही घाटांत विजेच्या तारा आल्या आणि त्यांच्याबरोबर खास मालगाड्यांसाठी बनवलेली इंजिने आली. पहिली काही स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली, बाकीची इंग्लंडमध्ये. पुढे-मागे लांब नाक, मध्ये केबिन, वळणावर तिन्ही भाग वेगवेगळे वळायचे. रेल्वेची माणसे त्यांना 'खेकडा' म्हणत. या खेकड्यांमध्ये उतारावर वीज परत देणारा ब्रेक होता. घाट उतरणारा खेकडा मोटारींतून वीज तयार करून डोक्यावरच्या तारेत सोडायचा, आणि त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीचे इंजिन ती वीज वापरायचे. म्हणजे उतरणारा चढणाऱ्याला हात देत होता! लोणावळ्याहून कर्जतपर्यंत साडेपाचशे मीटरांहून अधिक उतार आहे. १००० टनांची गाडी एवढी खाली येते तेव्हा सुमारे दीड हजार युनिटांची ऊर्जा मोकळी होते. ती सगळी परत मिळत नाही, पण जेवढी मिळते तेवढी ब्रेकचे ठोकळे जाळण्यापासून वाचते. साठ वर्षांच्या आसपास नोकरी करून खेकडे निवृत्त झाले. मुंबईच्या सहलीला गेलात तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभा आहे, तो जरूर पाहा.

यात एक अडचण असे. वीज घेणारा कोणी तारेवर असावा लागे. कोणीच नसेल तर ती वीज जाणार कुठे? म्हणून पुष्कळ इंजिनांत मोठे रोध बसवतात आणि ब्रेकची वीज त्यांत उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतात. त्यात वीज वाचत नाही, पण चाके आणि ठोकळे वाचतात. पुढे घाटात २५,००० व्होल्टची वीज आली. आज देशभर धावणारी 'डब्ल्यूएपी-७' आणि 'डब्ल्यूएजी-९' ही इंजिने ब्रेक लावताना वीज तारेत परत देतात. त्यांच्या मोटारींचे नावच इंडक्शन मोटार, म्हणजे प्रवर्तनावर चालणारी. मुंबईच्या लोकलमध्ये वीज परत देणाऱ्या नव्या गाड्या २००७ पासून आल्या. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलला याचा केवढा फायदा होत असेल, याचा विचार करा. दिल्ली मेट्रोने याच ब्रेकमुळे वाचलेल्या विजेचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत २००७ साली नोंदवला. अशी नोंद झालेला तो जगातला पहिला रेल्वे प्रकल्प.

प्रवर्तनाने ब्रेक लावण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्यात मोटारही लागत नाही. फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये तांब्याची चकती चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरवून पाहिली. चकती जड झाली आणि तापली. हलत्या धातूच्या आत विजेचे लहान लहान भोवरे तयार होतात आणि तेच धातूला मागे ओढतात. यांना भोवरी प्रवाह म्हणतात. आपल्या घरी जुने विजेचे मीटर असेल, तर त्यातली ॲल्युमिनियमची चकती आठवा. तिला हवा तेवढाच वेग राहावा म्हणून तिच्या कडेशी एक चुंबक बसवलेला असतो. तो तिला न शिवता धरून ठेवतो. म्हणजे रेल्वेचा हा ब्रेक पुष्कळ घरांच्या भिंतीवर वर्षानुवर्षे फिरत होता!

जपानच्या शिंकान्सेनच्या '१००' मालिकेच्या गाड्यांत १९८५ पासून असे चकतीचे ब्रेक होते. जर्मनीत कोलोन ते फ्रँकफर्ट ही वेगवान लाईन २००२ साली सुरू झाली. तिथल्या 'आयसीई-३' गाड्यांत चाकांच्या मध्ये लांब विद्युतचुंबक असतात. ते रुळाच्या काही मिलिमीटर वर येऊन थांबतात, रुळाला टेकत नाहीत, आणि रुळातच भोवरी प्रवाह निर्माण करून गाडीला ओढून धरतात. बाबांच्या त्या पावसाळी रात्रीसाठी असा ब्रेक हवा होता. कारण ठोकळ्याचा ब्रेक असो की मोटारीचा, दोन्ही शेवटी चाकालाच धरतात, आणि चाक रुळावरून घसरले की दोन्ही हतबल. रुळालाच धरणाऱ्या या चुंबकाला मात्र पाणी आणि पालापाचोळा आडवा येत नाही. पण त्यासाठी पुष्कळ वीज लागते आणि रूळ तापतात, म्हणून तो सगळीकडे वापरता येत नाही.

धाकटा शाळेत एक प्रयोग करून दाखवायचा. मीटरभर लांबीची तांब्याची नळी उभी धरायची. आपल्या जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची खाण आहे, हे तो प्रत्येक वर्गाला अभिमानाने सांगे. नळीत खिळा सोडला की खालून लगेच टणकन पडतो. मग तेवढाच एक जोरदार चुंबक सोडायचा. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आधी दाखवून घ्यायचे. चुंबक आत जातो... आणि बाहेर येतच नाही! मुले नळीत डोकावतात. आत तो पाण्यात बुडणाऱ्या पानासारखा हळूहळू खाली येत असतो. काही सेकंदांनी खाली पडतो.

प्रयोग झाला की धाकटा एक प्रश्न विचारायचा, "हा चुंबक नळीत मध्येच थांबेल का?" निम्मी मुले 'हो' म्हणायची. उत्तर आहे, कधीच नाही. विरोध होतो तो हालचालीमुळे. हालचाल कमी झाली की विरोधही कमी झाला. चुंबक थांबला तर विरोध शून्य, मग तो पुन्हा पडू लागणार. म्हणजे प्रवर्तनाचा ब्रेक पळणाऱ्यालाच धरतो. उभ्याला धरत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांना शेवटच्या काही मीटरांसाठी, आणि उभे राहिल्यावर जागेवर धरून ठेवण्यासाठी, घासणारा ब्रेक अजून लागतोच. बाबांचे हातब्रेकचे चाक इतक्या शोधांनंतरही पूर्ण बाद झालेले नाही, याचे आम्हाला बरे वाटते.

आता त्या मुलाचे उत्तर.

बाळा, ड्रायव्हरने ब्रेक लावला होता. इंजिनातला विजेचा ब्रेक चांगला आहे, पण तो इंजिनाच्याच चाकांवर चालतो आणि मागचे सगळे डबे त्याला एकट्याला थांबवता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक डब्याला हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक असतो. तोही लागला होता. चाकांचा तो आवाज त्याचाच. पण लोखंडाला लोखंड किती धरणार? शंभराच्या वेगाने येणाऱ्या गाडीला पूर्ण ब्रेक लावल्यावरही थांबायला एक किलोमीटरच्या आसपास जागा लागते. ड्रायव्हरला तुझी शेळी दिसली तेव्हा तेवढी जागा उरलीच नव्हती. त्याच्या हातात भोंगा होता आणि ब्रेक होता. दोन्ही त्याने वापरले. गाडीला बाजूला वळता येत नाही. बाजूला होणे फक्त आपल्या हातात असते.

हे आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगितले. त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, "मंग एक किलोमीटर म्हणजे कुठून कुठवर?" आम्ही तिघे चालत निघालो. रुळांपासून दूर, शेताच्या बांधाने. हजार मीटर मोजून उभे राहिलो तेव्हा ती पायवाट डोळे बारीक करून पाहावी लागत होती. तो काही बोलला नाही. पण त्याला कळले, हे आम्हाला दिसले.

पालकहो, आपल्या भागात बऱ्याच घरांतून अजून छोट्या गाडीच्या अंदाजानेच रूळ ओलांडले जातात. मोठी गाडी विजेवर चालते, जुन्या इंजिनासारखी धडधडत येत नाही, आणि जवळ आली हे कळेपर्यंत ती आलेली असते. कानात गाणी लावून रुळांवरून चालणारी मुले आम्ही त्याच आठवड्यात पाहिली. वळसा पडला तरी ओलांडण्याच्या जागेनेच जावे, आणि ही सवय मुलांना आपण लावावी.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तांब्याची एक नळी, चुंबक आणि एक जुना सायकलचा डायनॅमो देत आहोत. प्रवर्तनाचा धडा शिकवला जाईल त्या आठवड्यात मुलांना एकदा मैदानावर न्यावे, पण मैदान पुरणार नाही म्हणून बाहेरच्या रस्त्यावर, आणि एक किलोमीटर अंतर पावलांनी मोजून घ्यावे. लेंझचा नियम परीक्षेनंतर विसरला तरी चालेल. ते अंतर विसरू नये.

— आपले दोघे माजी विद्यार्थी, लामता